नेदरलँड्समधल्या हेगला, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात इंटर्नशिपसाठी अर्ज करणाऱ्या सभासदांसाठी

रविवारी सकाळी 10 वाजता, सात रस्त्याजवळच्या आपल्या अभ्यासिकेत कागदपत्रं तपासू. मूळ प्रती आणाव्यात.

हे न्यायालय ज्या करारातून उभं राहिलं, त्या रोम करारावर भारताने सही केलेली नाही. न्यायालय सदस्य देशांच्या नागरिकांना प्राधान्य देतं, म्हणून अर्जात ढिलाई नको.

मावशी-काकांकडे राहणार असाल तर त्यांनी निमंत्रण-फॉर्मवर सही करून ती तिथल्या नगरपालिकेत प्रमाणित करून घ्यावी. नुसतं पत्र पाठवतात आणि व्हिसा तिथेच अडतो. शेंगेन व्हिसा (नेदरलँड्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक अल्पमुदतीचा व्हिसा) 180 दिवसांत फक्त 90 दिवसांचा; इंटर्नशिप त्याहून लांबली तर वेगळी परवानगी.

न्यायालयात ज्या खटल्यावर काम कराल त्याबद्दल घरी, जेवणाच्या ताटावरसुद्धा, अवाक्षर नको. साक्षीदारांचा जीव त्यावर असतो.

नातेवाइकांसाठी शेंगा चटणी न्या, पेढे नकोत. दुग्धजन्य पदार्थ विमानतळावर जप्त होतात.