पेशंटजवळ बसणाऱ्या बाईशी डॉक्टर कधी बोलणार?

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

पेपरात दवाखान्याच्या बातम्या दोनच प्रकारच्या येतात, एक म्हणजे अमुक डॉक्टरांनी अवघड ऑपरेशन केलं आणि दुसरी म्हणजे नातेवाइकांनी काचा फोडल्या. ह्या दोन्हीच्या मधे रोज जे चालतं ते कुठंच येत नाही म्हणून लिहितेय. पत्र लांबलंय, कापायचं असेल तर कापा पण हाताचं जे लिहिलंय ते तेवढं ठेवा.

आम्ही तासगाव तालुक्यातले. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्ती म्हणतो, वय ६२, शुगर जुनी आणि दोन वर्षांपासून डायलिसिस, म्हणजे किडनी काम करत नाही म्हणून मशीननं रक्त साफ करायचं, आठवड्यातनं तीनदा, एका वेळेला चार तास. मिस्टर गाडीवर असतात, दीर पुण्याला, त्यामुळं दवाखान्याचं सगळं माझ्याकडं. मागच्या महिन्यात आत्तींना ताप आला आणि दम लागायला लागला म्हणून मिरजेला एका खासगी दवाखान्यात ॲडमिट केलं. नऊ दिवस होतो. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण शेवटी येईल.

आता हाताचं. डायलिसिसच्या पेशंटच्या एका हातात फिस्टुला केलेला असतो, म्हणजे छोटं ऑपरेशन करून धमनी आणि शीर एकमेकीला जोडतात, मग ती शीर फुगून जाड होते आणि तिच्यातनं मशीनला रक्त जातं. वर बोट ठेवलं की आत थरथर लागते. आत्ती सकाळी उठल्यावर आधी तिथं हात लावून बघतात, देवाला नमस्कार नंतर. तो फिस्टुला तयार व्हायलाच महिना दोन महिने जातात. त्या हाताला बीपीचा पट्टा बांधायचा नाही, सलाइन लावायचं नाही, तपासणीला रक्त काढायचं नाही, हे डायलिसिसवाल्या प्रत्येक घराला पाठ असतं, आमच्या शाळेतल्या पोराला पण माहितीय. फिस्टुला बंद पडला तर मानेत नळी घालायची वेळ येते आणि त्या नळीतनं इन्फेक्शन व्हायची भीती वेगळीच.

पहिल्या दिवशी ॲडमिट करून घेणाऱ्या डॉक्टरांना मी हे सांगितलं, त्यांनी मान डोलावली, कागदावर लिहिलं का नाही मला दिसलं नाही. दुपारच्या सिस्टरला सांगितलं. रात्री ड्युटी बदलली. आत बसू देत नव्हते म्हणून मी पॅसेजमधे चटई टाकून पडलेले, पहाटे तीनला झोप मोडली आणि सहज आत डोकावले तर एक नवीन पोरगी आत्तींच्या डाव्या, फिस्टुलाच्याच हाताला रबर बांधत होती. तिचं तरी काय चुकलं, उजव्या हाताच्या शिरा सगळ्या संपलेल्या, कुठं टोचावं कळेना, आणि डाव्या हाताची शीर दाव्यासारखी वर आलेली, कुणालाही वाटेल देवानंच दिली. मी ओरडलेच. ती दचकली आणि म्हणाली मला कुणी सांगितलंच नाही. खरंच सांगितलं नव्हतं तिला. दुसऱ्या दिवशी बीपी बघणारे मामा आले, पट्टा घेऊन त्याच हाताकडं. मग मी चिकटपट्टी मागून घेतली, बॉलपेननं लिहिलं 'ह्या हाताला सुई नाही, बीपी नाही', एक पट्टी मनगटावर आणि एक उशाकडच्या भिंतीवर. मोठे डॉक्टर राउंडला आले, बघून हसले, म्हणाले हे कुणी लावलंय, मी म्हटलं मी, म्हणाले छान. छान कसलं साहेब, हे दवाखान्यानं लावायचं का पेशंटच्या सुनेनं?

तिसऱ्या दिवशी सलाइनचं झालं. एक बाटली संपली की दुसरी, दुसरी संपली की तिसरी. आत्तींना लघवी जवळजवळ होतच नाही, दिवसाचं पाणी आम्ही ग्लासनं मोजून देतो, उन्हाळ्यात तर बर्फाचा खडा चोखायला देतो पण ग्लास वाढवत नाही, कारण जादा पाणी जाऊन बसतं फुप्फुसात. आणि इथं आधीच दम लागलेल्या बाईला बाटलीमागनं बाटली. मी सिस्टरला विचारलं हे पाणी जाणार कुठं, ती म्हणाली ऑर्डर आहे. मग मी खाली जाऊन ड्युटीवरच्या डॉक्टरांना गाठलं, तरुण पोरगा होता, त्यानं फाइल बघितली, मला काही न बोलता वर आला आणि सलाइन बंद केलं. परत आदल्या ड्युटीची ऑर्डर पुढं ओढलेली. गुडघे दुखतात म्हटल्यावर आलेल्या पेनकिलरच्या गोळीचं पण तसंच, किडनीला चालते का विचारल्यावर बदलून दुसरी आली.

मी बी.ए. आहे, डॉक्टर नाही. इंटरनेटवर वाचून डॉक्टरांना शिकवायला जाणाऱ्यातली पण नाही. माझ्याकडं एक दोनशे पानी वही आहे, त्यात दोन वर्षांचं सगळं आहे, डायलिसिसच्या आधीचं वजन, नंतरचं वजन, बीपी, पोटॅशियम किती आलं, कुठल्या इंजेक्शननं अंगावर पुरळ आलं. भेटायला येणारे प्रेमानं शहाळं घेऊन येतात, नाहीतर आपल्या तासगावचा बेदाणा, दोन्हीत पोटॅशियम भरपूर, डायलिसिसच्या पेशंटला ते हृदयावर जातं, मग पाहुण्यांसमोर मीच वाईट, म्हाताऱ्या माणसाला घोटभर शहाळ्याचं पाणी देत नाही म्हणून. तेसुद्धा वहीत आहे, कोण काय घेऊन आलं ते! वही काढली की काही डॉक्टर खुश होतात आणि काहींच्या कपाळाला आठी पडते.

आणि बोलायला त्यांना माणूस लागतो. माणूस म्हणजे पुरुष. पाच दिवस मी रोज विचारतेय की आत्तींचं नेमकं काय चाललंय, न्युमोनिया कमी होतोय का, तर उत्तर एकच, घरातलं कोण मोठं आहे त्यांना बोलवा. शनिवारी दीर आले पुण्याहून, त्यांना आत्तींच्या गोळ्यांची नावं पण माहीत नाहीत (चांगले आहेत हो ते, पैसे पाठवतात, पण माहीत नाही तर नाही), तर डॉक्टरांनी त्यांना केबिनमधे बसवून वीस मिनिटं सगळं समजावलं आणि मी दाराबाहेर उभी. दीर बाहेर आले आणि मला म्हणाले, वहिनी ते क्रिएटिनिन का काय म्हणत होते, आता काय करायचं? मला हसावं का रडावं कळेना. बरं, आत्ती पूर्ण शुद्धीवर होत्या. चौथी शिकलेल्या आहेत, सही करतात. स्वतःच्या अंगात सुई घालायच्या फॉर्मवर त्यांची सही घ्यावी, निदान त्यांना विचारावं, असं एकालाही वाटलं नाही.

शेजारच्या कॉटवर अथणीकडच्या एक आजी होत्या. मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिशनचा दवाखाना काढला तेव्हापासून ह्या गावात लांबलांबनं पेशंट येतात, कर्नाटकातनं तर किती येतात. त्या आजींना फक्त कानडी, त्यांच्या पोराला मोडकंतोडकं मराठी, आणि राउंडला सगळं इंग्रजीत. तो पोरगा राउंड झाला की माझ्याकडं यायचा, ताई, काय म्हनले? मला तरी सगळं कुठं कळत होतं, पण जेवढं कळायचं तेवढं त्याला सांगायची आणि त्यालाही एक वही आणायला लावली.

पैशाचं थोडक्यात सांगते. काउंटरला पिवळं रेशनकार्ड दाखवून सरकारच्या मोफत उपचाराच्या महात्मा फुले योजनेतनं होईल का विचारलं तर म्हणाले आधी डिपॉझिट भरा, योजनेचं मग बघू. दवाखाना योजनेतला आहे, बोर्ड आहे बाहेर. योजना २०१२ पासून चालू आहे, तेव्हा नाव राजीव गांधी जीवनदायी होतं, २०१७ ला बदललं, पूर्वी दीड लाखाची मर्यादा होती ती आता पाच लाख आहे, आणि योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात पेशंटला योजनेची मदत करायला आरोग्यमित्र बसतो. आमचा आरोग्यमित्र दोन दिवस खुर्चीवर नव्हता. मग मी योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ ला फोन लावला. इमर्जन्सी असेल तर फोनवर कळवून उपचार सुरू करता येतात आणि कागद मागनं देता येतात हे मला तिथं कळलं, काउंटरला नाही. फोन झाल्यावर आरोग्यमित्र पण आला आणि कागद पण झाले. ज्याला हा नंबर माहीत नाही तो डाग मोडून डिपॉझिट भरत असणार, दुसरं काय करणार.

दवाखान्यात शिरताना समोरच एक मोठा बोर्ड आहे, डॉक्टरांवर हल्ला केला तर तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार दंड, २०१० चा कायदा. असायलाच पाहिजे, मारहाण करणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. पण २०२१ च्या नर्सिंग होमच्या नियमात रुग्णांच्या हक्काची सनद आणि दरपत्रक दिसेल असं लावा असंही सांगितलंय. ती सनद मी शोधली. मेडिकलच्या खिडकीपलीकडं, औषध कंपनीच्या कॅलेंडरच्या मागं होती.

सगळे वाईट नव्हते. तो सलाइन बंद करणारा पोरगा डॉक्टर दुसऱ्या दिवशी आपणहून आला, स्टूल ओढून बसला, केसपेपरच्या मागं फुप्फुसाचं चित्र काढून मला आणि आत्तींना दाखवलं की इथं पाणी आहे, इथं इन्फेक्शन, हे औषध ह्याच्यावर आणि हे त्याच्यावर. चार मिनिटं लागली असतील. त्या रात्री मी पहिल्यांदा नीट झोपले. आणि सिस्टर लोकांबद्दल तर काय बोलायचं, एकेकीकडं इतके पेशंट की पाणी प्यायला सवड नाही, त्यात आमच्यासारखे विचारणारे.

म्हणून माझं मागणं लई मोठं नाही. राउंड झाल्यावर रोज एक ठरलेली वेळ द्या, दहा मिनिटं, जो पेशंटजवळ राहतो त्याच्याशी बोला, तो बाप असो सून असो नाहीतर शेजारी. मराठीत बोला, समोरच्याला कानडी येत असेल तर वॉर्डातल्या कानडी येणाऱ्या मावशीला बोलवा, एक तरी असतेच. ड्युटी बदलताना फाइलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहा कुठल्या हाताला हात लावायचा नाही आणि कुठलं औषध चालत नाही. आणि कागद द्या. डिस्चार्जच्या वेळी मी पूर्ण फाइलची झेरॉक्स मागितली तर म्हणाले कशाला, केस करायची आहे का? अहो डायलिसिसच्या डॉक्टरांना दाखवायचीय! मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमात आहे की मागितल्यापासून ७२ तासात रेकॉर्ड द्यायचं. मला मिळायला अकरा दिवस आणि तीन चकरा लागल्या. तासगावहून मिरज म्हणजे लांब नाही पण चकरेला अर्धा दिवस जातो आणि घरी दुभती म्हैस आहे.

आत्ती आता बऱ्या आहेत, वजन ५१ वर आलंय, थरथर लागतेय. मनगटावरची चिकटपट्टी काढू देत नाहीत, म्हणतात राहू दे, परत लिहायला नको.

पत्राखाली माझं नाव छापू नका एवढी विनंती. पुढच्या वेळेला रात्री दम लागला तर जवळचा दवाखाना तोच आहे.

आपली,
एक वाचक, तासगाव तालुका, जि. सांगली