फोटो हंसांचा, यकृत बदकाचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत फ्वा ग्रावरचा, म्हणजे बदकाला किंवा हंसाला कोंबून भरवून सुजवलेल्या यकृताच्या फ्रेंच पदार्थावरचा, लेख आला आणि तेव्हापासून या पानावर पत्रांचा रतीब चालू आहे. एकीकडे 'ही राक्षसी चैन बंद करा' म्हणणारे, दुसरीकडे 'कोंबडी चालते, मग बदकाचाच एवढा पुळका का' असे विचारणारे. मी मांसाहारी आहे. फ्वा ग्रा आयुष्यात एकदाच खाल्ले आहे, तेही दुसऱ्याच्या खर्चाने. चव विसरण्यासारखी नाही, हे आधीच कबूल करतो. म्हणजे पुढचे सगळे कोल्ह्याच्या द्राक्षांपैकी आहे असे कोणी म्हणायला नको.

लेखाचा सारा भर एका मुद्द्यावर होता. हंस आणि बदके लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी भरमसाट खातात, यकृतात चरबी साठवतात. माणूस फक्त निसर्गाला हातभार लावतो. सोबत आभाळात रांगेने निघालेल्या हंसांचा सुरेख फोटो. यातले अर्धे खरे आहे. इजिप्तमध्ये सक्कारा येथील चार हजारांहून अधिक वर्षे जुन्या थडग्यांच्या भिंतींवर हंसांना धरून भरवणारी माणसे कोरलेली आहेत. रोमन लोक हंसांना अंजिरे चारत, आणि त्या अंजिरावरून पडलेल्या लॅटिन शब्दातूनच फ्रेंच 'फ्वा' आणि इटालियन 'फेगातो' हे यकृताचे शब्द आले. गंमत अशी की अंजीर ताटातून गेले, पण शब्दात राहिले.

पण आज बाजारात येणारे बहुतेक फ्वा ग्रा हंसाचे नसतेच. ते असते म्युलार्ड बदकाचे. मस्कोव्ही जातीचा नर आणि पेकिन जातीची मादी यांचा हा संकर, खेचरासारखा वांझ. मस्कोव्ही मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले. ते ऋतूनुसार देश बदलत नाही. म्हणजे ज्या प्रवासाची शिदोरी म्हणून ही चरबी 'नैसर्गिक' ठरवायची, तो प्रवास या बदकाच्या नशिबी कधीच नव्हता. वाढवतात ते नर. मादीचे यकृत लहान आणि शिरांनी भरलेले, म्हणून मादी पिलांपैकी बरीचशी अंड्यातून बाहेर येताच मारली जातात. लेखात याबद्दल अवाक्षर नाही.

नर सुमारे तीन महिन्यांचे झाले की शेवटचा टप्पा सुरू होतो. दहा ते पंधरा दिवस, दिवसातून दोनदा. माणूस एका हाताने मान धरतो, चोच उघडतो आणि वीत-सव्वा वीत लांबीची नळी अन्ननलिकेत उतरवतो. यंत्राचा दाब बसतो आणि दोन-तीन सेकंदांत मक्याचा लगदा आत. हात सुटतो, पुढचे बदक.

इथे विरोधकांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. 'तुमच्या घशात अशी नळी घातली तर?' हा प्रश्न टाळ्या मिळवतो, पण कच्चा आहे. बदकाचा घसा आपल्यासारखा नाही. ते अख्खा मासा गिळते, आणि श्वासनलिकेचे तोंड जिभेपाशी असल्यामुळे नळी आत असतानाही ते गुदमरत नाही. उत्पादक हे सांगतात तेव्हा खोटे बोलत नाहीत. तेव्हा घशावरून भांडण्यात अर्थ नाही. भांडण यकृतावरून व्हायला हवे.

बदकाचे निरोगी यकृत साधारण ७०-८० ग्रॅमचे. युरोपीय महासंघाच्या विक्रीनियमांनुसार 'फ्वा ग्रा' म्हणवून घ्यायला ते किमान ३०० ग्रॅमचे हवे, हंसाचे ४०० ग्रॅमचे. प्रत्यक्षात ते याहूनही मोठे केले जाते. गेल्या वर्षी माझ्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर, ग्रेड एक' असे चार शब्द आले, तर डॉक्टरांनी तळलेले बंद केले, बायकोने साखर बंद केली आणि मी रोज पहाटे चालायला लागलो. बदकाच्या बाबतीत त्याच स्थितीला दर्जा म्हणतात. भरवणे थांबवले की त्याचे यकृत पूर्ववत होते, म्हणून हा आजार नव्हे, असा एक बचाव केला जातो. ठीक. पण ते थांबवायच्या आधीच बदक कापले जाते! युरोपीय आयोगाच्या शास्त्रीय समितीने १९९८ च्या अहवालात भरवण्याच्या काळातील मृत्यूचे प्रमाण २ ते ४ टक्के दिले आहे. तशाच पण न भरवलेल्या बदकांत ते सुमारे ०.२ टक्के. प्रचलित पद्धत पक्ष्यांना अपायकारक आहे, असा त्या समितीचा निष्कर्ष होता.

आता 'कोंबडीचे काय?' या प्रश्नाकडे येतो, कारण तो खरोखर अवघड आहे. ब्रॉयलर कोंबड्यांचे हाल संख्येने अफाट आहेत. त्यापुढे फ्वा ग्राची बदके किस झाड की पत्ती. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि कोंबडी खाताना तो मला टोचतोही. तरी फरक आहे. कोंबडीचे हाल होतात ते मांस स्वस्त पडावे म्हणून. तिला जास्त जागा द्या, सावकाश वाढणारी जात घ्या, पैसे जास्त मोजा. हाती येते ती कोंबडीच. फ्वा ग्रातून ते सुजवलेले यकृत काढून टाका, मग उरते काय? इथे अपाय हा धंद्यातला दोष नाही, तोच विकायचा माल आहे.

हे माझे शब्द वाटत असतील तर फ्रान्सचा कायदा पाहा. फ्वा ग्रा हा देशाचा संरक्षित सांस्कृतिक आणि खाद्यवारसा आहे, असे तिथल्या कृषी कायद्यात २००६ मध्ये लिहिले गेले. त्याच कलमात व्याख्याही आहे: 'गावाज' करून, म्हणजे कोंबून भरवून, मुद्दाम पोसलेले बदकाचे किंवा हंसाचे यकृत. योगायोग असा की त्याच वर्षी पॅरिसच्या मोठ्या अन्नप्रदर्शनात स्पेनच्या एक्स्ट्रेमादुरा भागातील एदुआर्दो सौसा यांच्या यकृताला बक्षीस मिळाले. त्यांचे हंस मोकळे चरतात, थंडीच्या चाहुलीने आपण होऊन हादडतात, आणि वर्षातून एकदाच कापले जातात. लेखातला 'निसर्ग' कुठे शोधायचा तर तो इथे. फ्रेंच व्याख्येप्रमाणे मात्र ते फ्वा ग्राच नव्हे, कारण कोणी कोंबले नाही. माल थोडा निघतो, वर्षभर पुरत नाही, हेही खरे. पण वर्षातून एकदाच मिळणारी गोष्ट चैनीची म्हणून चालणार नाही, असे कोण म्हणाले?

बंदीबाबत मात्र माझा पत्रलेखकांइतका उत्साह नाही. शिकागोने २००६ मध्ये विक्री बंद केली, तर काही हॉटेले दुसऱ्या पदार्थासोबत फ्वा ग्रा 'फुकट' देऊ लागली. २००८ मध्ये बंदी गेली. कॅलिफोर्नियाचा कायदा २००४ चा, लागू झाला २०१२ मध्ये, न्यायालयाने २०१५ मध्ये उडवला आणि २०१७ मध्ये परत आणला. ब्रिटनमध्ये उत्पादन होऊ शकत नाही, आयात चालते. पाप शेजाऱ्याच्या अंगणात आणि प्रसाद आपल्या ताटात. भारताने २०१४ मध्ये आयात थांबवली, पण जिथे खाणारेच मोजके तिथे विरोध करणार कोण? खरी किंमत मोजली ती इस्रायलने. तो देश मोठ्या उत्पादकांपैकी होता, आणि तरीही २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कोंबून भरवणे क्रूरतेविरोधी कायद्यात बसत नाही असा निर्णय दिला आणि धंदा गुंडाळायला मुदत दिली. लेखात वारसा, परंपरा, रोजगार हे सगळे आले. हे प्रकरण आले असते तर बरे झाले असते.

एक छोटी विनंती. या विषयावर पुन्हा काही छापणार असाल तर उडत्या हंसांऐवजी म्युलार्डचा फोटो द्यावा. तो शेडमध्ये, जाळीच्या जमिनीवर बसलेला मिळेल.

आपला,
एक नियमित वाचक