थ्री नॉट थ्री हा हरणांवरचा उपाय नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सोयाबीन दुपानी झाले की हरणांचे कळप एका रात्रीत तासेच्या तासे खुडतात आणि ‘लष्कराच्या जुन्या रायफली शेतकऱ्यांना द्या’ ही मागणी पारावर पुन्हा सुरू होते. नुकसान खरेच आहे, पण ही मागणी माणसांच्याच अंगावर येईल.

अमेरिकेत जुन्या ली-एनफिल्ड, माउझर रायफलींनी हरणे मारतात, हे बरोबर. मात्र तिथेही बऱ्याच राज्यांत शिशावर पूर्ण धातूचे कवच असलेली लष्करी गोळी हरणावर चालवायला बंदी आहे. मऊ शिशाच्या टोकाची गोळी अंगात फुलते. लष्करी गोळी बहुधा आरपार जाते. जनावर जखमी होऊन पळते आणि गोळीही पुढे जाते. थ्री नॉट थ्रीची, म्हणजे .303 बोअरच्या ली-एनफिल्डची, 174 ग्रेनची (सुमारे 11 ग्रॅम) गोळी सेकंदाला सुमारे 740 मीटर वेगाने सुटते, दोन किलोमीटरवरही जीव घेऊ शकते. आपले काळे रान सपाट. गोळी अडवायला टेकडी नाही, बांधावर जेमतेम एखादी बाभूळ. पलीकडे आखाडा (रानातली वस्ती) आणि खुरपणाऱ्या बाया.

रायफल जुनी असली की आणखी एक धोका असतो. बोल्ट, म्हणजे काडतूस मागून अडवणारा खिटका, झिजला की काडतुसाच्या बुडाशी फट वाढते. उडालेली पुंगळी, म्हणजे काडतुसाचे रिकामे पितळी नळकांडे, उजेडात धरा. बुडापासून बोटभर वर चकचकीत कडे दिसले, तर पितळ तिथे ताणून पातळ झाले आहे. वाकवलेल्या तारेचे टोक आतून फिरवले की खाच लागते. पुंगळी तिथेच तुटते आणि गरम वायू चालवणाऱ्याच्या तोंडावर येतो. शिवाय जुन्या काडतुसांच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीतले क्षार नळीत साचून ओल धरतात. ते तेलाने जात नाहीत, गरम पाण्यानेच धुवावे लागतात. नाहीतर पावसाळ्यात नळी गंजलीच.

कायद्याचे म्हणाल तर काळवीट आणि चिंकारा 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहेत. .303 आणि 7.62 मिमी बोअरच्या रायफली 2016 च्या शस्त्र नियमांत निर्बंधित (restricted) गटात मोडतात.

मागायचेच तर कुंपणाला अनुदान मागू या, आणि उगवणीनंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत पंचनाम्याला माणूस लगेच रानात यावा असा आग्रह धरू या. दुबार पेरणीची पाळी फिरली की नुकसानीचा पुरावाच मोडतो.

— एक वाचक, सेलू (जि. परभणी)