चार एसट्या आणि एक निळं पेन

सिस्टर,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कोटावर बिल्ला होता, पण त्या दिवशी मला वाचायचं सुचतंय कुठे! म्हणून हे पत्र असं उघडच लिहितेय. कुणीतरी पोचवेल.

आमच्या गावच्या दवाखान्यातून बाराव्या आठवड्यात फोन आला तो एवढाच : "डबल मार्कर पॉझिटिव्ह आलंय, पुण्याला दाखवा." डबल मार्कर म्हणजे बाळाला डाऊन सिंड्रोमसारखा गुणसूत्रांचा जन्मजात दोष असण्याची शक्यता किती, ते सांगणारी आईची रक्ततपासणी. माझं वय 36, पहिलंच बाळंतपण. रिपोर्टवर 1:180 आणि त्याखाली ठळक अक्षरात हाय रिस्क. खात्रीसाठी बाळाभोवतीचं पाणी सुईने काढून तपासायचं तर पंधरा आठवडे भरावे लागतात. तोवर मी बाळ आजारी आहे असं धरूनच चालले होते. सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले, नवरा रात्र रात्र मोबाइलवर काहीबाही वाचत बसायचा.

तुम्ही माझा केसपेपर उलटा केलात आणि निळ्या पेनाने मागे चार चौकोन काढलेत. "ह्या चार एसट्या. सगळ्यांत तुमच्यासारखाच रिपोर्ट आलेल्या बायका बसल्यात, एकशेऐंशी. त्यातल्या एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असेल. बाकीच्या उगीच रडतायत." मग थांबून म्हणालात, "ती एक कोण, हे मात्र रक्तावरून कळत नाही. त्यासाठी सुई." तितक्या आठवड्यांत मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा. चार एसट्यांत एकशेऐंशी म्हणजे काहीजणी उभ्यानेच ना, असंही विचारलं होतं मी.

वाईट निघालं तर, या प्रश्नाला तुम्ही बगल दिली नाहीत. तेव्हाही इथेच बसू, म्हणालात. अशी मुलं कशी वाढतात ते डॉक्टर सांगतील, गर्भपाताचा कायदा काय म्हणतो तेही सांगतील, ठरवायचं तुम्ही. सुईने बाळ जाण्याची भीती आहे का? आहे, पण शंभरात एकीहूनही कमी. 'काही होत नाही हो' असं म्हणाला असतात तर माझा विश्वास बसला नसता.

'फॉर्म जी', म्हणजे या तपासणीच्या संमतीचा कागद, तुम्ही ओळ न् ओळ मराठीत वाचून दाखवलात, मुलगा की मुलगी हे सांगितलं जाणार नाही ही ओळसुद्धा. नवऱ्याने सवयीने पेन उचललं, तर तुम्ही शांतपणे ते माझ्या हातात दिलंत. "सही ह्यांची लागते." लग्नाला सात वर्षं झाली, असे कागद कायम तोच भरत आलाय. फॉर्मची एक प्रत मला मिळाली, ती अजून जपून ठेवलीय.

आत गेल्यावर सोनोग्राफीत बघत डॉक्टरांनी सुई घातली. टोचल्यापेक्षा आत काहीतरी ओढल्यासारखं वाटलं, पाळीच्या कळेसारखं. तुम्ही तसंच सांगितलं होतंत, म्हणून घाबरले नाही. पहिलं थोडं पाणी टाकून देतात, त्यात आईच्या पेशी मिसळलेल्या असू शकतात, हेही तुमच्याकडूनच कळलं. नंतर सिरिंजमध्ये लिंबाच्या सरबतासारखं फिकट पिवळं पाणी चढताना दिसलं, वीस मिली. चार चमचे. बाळ परत भरून काढतं, म्हणालात. सगळं दोन-तीन मिनिटांत आटोपलं.

आणि रक्तगट! माझा निगेटिव्ह, नवऱ्याचा पॉझिटिव्ह. हे तुम्ही आदल्या दिवशीच वहीत टिपून घेतलं होतंत, म्हणून बाळाच्या रक्ताविरुद्ध माझ्या अंगात प्रतिद्रव्यं तयार होऊ नयेत यासाठीचं अँटी-डीचं इंजेक्शन 72 तासांची मुदत मोजत न बसता तिथल्या तिथे मिळालं. गावात हे कुणी विचारलंच नव्हतं.

रात्री मावसनणंदेकडे मुक्काम केला. पाणी गेलं, रक्त दिसलं, ताप आला किंवा कळा थांबेनात तर लगेच या, हे तुमचं वाक्य नवऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं. फिशचा, म्हणजे ठरावीक गुणसूत्रं झटपट बघणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट चौथ्या दिवशी आला, पण पक्क्या रिपोर्टला तीन आठवडे लागले. एवढा वेळ का, असं सासूबाईंनी फोनवर विचारलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "आजी, पेशी वाढवाव्या लागतात. विरजण घाई केली तर लागतं का?" त्यानंतर त्यांनी एकदाही विचारलं नाही.

दोन्ही रिपोर्ट नॉर्मल आले. सांगायला फोन केला तर तुमची ड्यूटी बदलली होती. आता लेक आठ महिन्यांची आहे, खालचे दोन दात आलेत, हाती लागेल ते चावते. परवा माझ्या पर्समधून तिने एक निळं पेन काढलं. सही केल्यावर परत द्यायचं विसरले होते. टोपणावर दातांचे वळ उठलेत, पण चालतंय. दिवाळीनंतर पुण्याला यायचं आहे, तेव्हा आणून देते.