शाल-श्रीफळापेक्षा देवघेवीची नोंदवही दाखवा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ग्रंथालय कार्यकर्त्यांच्या अधिवेशनाला लेखकाला पाहुणा म्हणून बोलावण्याची आपल्याकडील पद्धत जुनी आहे आणि चांगलीही आहे. मात्र तेथे येऊन लेखक नेमके काय करतो, हे एकदा तपासून पाहायला हवे. तो उद्घाटनाच्या सत्रात व्यासपीठावर बसतो, शाल-श्रीफळ स्वीकारतो, वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासावर अर्धा तास बोलतो आणि बहुधा जेवणाआधीच निघून जातो. त्यानंतर ग्रंथपाल अनुदान, वेतनश्रेणी, दर्जावाढ या आपल्या जिव्हाळ्याच्या प्रश्नांकडे वळतात. मराठी पुस्तक कोण नेतो आणि कोण न वाचताच परत करतो, हे ज्यांना रोज समोर दिसते, त्यांना त्याविषयी एक प्रश्नही कोणी विचारत नाही.

अलीकडे नागपुरात अशाच एका अधिवेशनात कथालेखक म्हणून बोलण्याचा योग आला. भाषणानंतर जेवायला थांबलो, तेव्हा नरखेड तालुक्यातील एका ‘ड’ वर्ग (शासनमान्य वाचनालयांतील सर्वांत खालच्या वर्गातील) वाचनालयाचे ग्रंथपाल शेजारी येऊन बसले आणि त्यांनी पिशवीतून माझाच एक कथासंग्रह काढला. डिंकाने चिकटवलेल्या त्या पुस्तकाची पाने थोड्याच वाचकांच्या हातांत सुटली होती. बाइंडरकडून शिवून घ्यावे, तर आतला समास इतका अरुंद की ओळींच्या कडेची अक्षरे टाक्यात गेलेली. शेवटच्या पानावरील तारखांच्या चिठ्ठीवर एप्रिल-मे महिन्यांत शिक्क्यांची दाटी होती, कारण तेव्हा माहेरवाशिणी गावी येतात. आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड सुरू झाली की वाचनालयात फारसे कोणी फिरकत नाही, असे त्यांनी सांगितले. पहिल्या दोन कथांची पाने हाताळून मळली होती आणि पुढची बरीचशी कोरी होती. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत; बोलण्याची गरजही नव्हती. इतके नेमके परीक्षण माझ्या पुस्तकाचे कोणत्याही नियतकालिकात आलेले नाही.

‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ ही भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेली सूत्रे अशा अधिवेशनांतून हमखास उद्धृत होतात. ग्रंथाला त्याचा वाचक मिळवून देण्याचे काम मात्र एकट्या ग्रंथपालावर सोपवून लेखक आणि प्रकाशक मोकळे झाले आहेत. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमामुळे आपल्याकडे गावोगावी शासनमान्य वाचनालये उभी राहिली, त्यांची ‘अ’ ते ‘ड’ अशी वर्गवारी झाली आणि मराठी पुस्तकांना एक हक्काचे गिऱ्हाईक मिळाले. या गिऱ्हाइकाची आवडनिवड मात्र आपण कधी विचारलीच नाही. अनेक ठिकाणी खरेदी होते ती विक्रेत्याने पुढे केलेल्या यादीवरून आणि सवलतीच्या टक्क्यावरून. मग पानेही न उलटलेली पुस्तके कपाटात वर्षानुवर्षे उभी राहतात आणि दाखल नोंदवहीतील क्रमांक तेवढे वाढतात. (लेखक मात्र आवृत्ती संपली म्हणून पेढे वाटतो, हे वेगळे.)

म्हणून माझी सूचना अशी की, प्रत्येक अधिवेशनात दुपारचे एक सत्र व्यासपीठाविना घ्यावे. एका लेखकाभोवती दहा-बारा ग्रंथपालांनी बसावे, सोबत देवघेवीच्या नोंदी आणाव्यात (वाचकांची नावे अर्थातच झाकून) आणि बोलण्याचे काम प्रामुख्याने ग्रंथपालांनी करावे. प्रकाशक आले तर उत्तमच, कारण बांधणी, समास आणि टंकाचा आकार या गोष्टी लेखकाच्या हाती नसतात आणि उतारवयातील वाचक पुस्तक परत करतो तो पुष्कळदा बारीक टंकामुळेच.

ज्यांना मानधनाएवढ्या पगारावर वाचनालय उघडावे, झाडावे आणि चालवावे लागते, त्यांच्याकडून लेखकाच्या सोयीसाठी हीही अपेक्षा कशाला, असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे आणि अशा सत्राने कोणाचे वेतन वाढणार नाही, हेही उघड आहे. तथापि वर्तमानपत्रांत सदरे लिहिणाऱ्या, साहित्य संमेलनांतून ठराव मांडणाऱ्या लेखकांना ‘ड’ वर्गाचे वाचनालय कसे चालते हे ग्रंथपालाच्या तोंडून कळले, तर अनुदानाचा प्रश्न केवळ अधिवेशनाच्या मांडवापुरता राहणार नाही.

राज्य शासनाच्या वतीने जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रंथोत्सव भरतो. नागपूरच्या आगामी ग्रंथोत्सवात ग्रंथदिंडी, परिसंवाद आणि कविसंमेलन यांच्या जोडीला असे एक सत्र ठेवता येईल. त्यासाठी वेगळ्या निधीची आवश्यकता नाही. खुर्च्यांची मांडणी तेवढी बदलावी लागेल. संयोजकांनी कार्यक्रमपत्रिका छापण्यापूर्वी याचा विचार करावा, ही विनंती. मानधन न घेता येण्यास मी तयार आहे आणि आणखी दोन-तीन लेखकमित्रांना सोबत आणण्याची जबाबदारीही घेतो.

आपला नम्र,
एक कथालेखक, धरमपेठ, नागपूर