उभ्या गाडीचा विमा

पावसाळ्यात रस्त्याकडेला उभ्या गाडीवर झाड कोसळते आणि मगच अनेकांना कळते की, आपली पॉलिसी फक्त ‘थर्ड पार्टी’, म्हणजे दुसऱ्याचे नुकसान भरून देणारी आहे. कायद्याने सक्तीचा असलेला हा विमा आपल्या गाडीचा पत्राही भरून देत नाही. त्यासाठी ‘ओन डॅमेज’ लागतो. त्यातही दर दाव्यात १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १००० रुपये, त्यावरच्या गाडीला २००० रुपये मालकाचेच. ‘झिरो डेप’ (घसारा न कापण्याचे जादा कलम) नसेल तर बंपरसारख्या प्लॅस्टिक भागांवर ५० टक्के घसारा कापतात, काचेवर मात्र नाही.

खरी गोम तळघरातल्या पार्किंगची. पाणी ओसरल्यावर ‘बघू चालू होते का’ म्हणून स्टार्टर मारला की एअर फिल्टरमधले पाणी सिलिंडरमध्ये जाते, पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे इंजिनासाठीचे जादा कलम नसेल तर हा खर्च सहसा नाकारला जातो, आणि तो लाखाच्या घरात जाऊ शकतो. म्हणून चावी न फिरवता बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी, पाण्याच्या खुणेसह फोटो काढावेत, कंपनीला कळवून गाडी टो करून न्यावी. सर्व्हेअरने, म्हणजे नुकसान तपासणाऱ्याने, पाहण्याआधी दुरुस्ती नको.

कुणी ओरखडा काढून पसार झाला, तर दावा करण्याआधी हिशेब करावा. दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, म्हणजे नो क्लेम बोनस, पाच वर्षांत ५० टक्क्यांवर पोचलेली असली तरी एका दाव्याने शून्यावर येते.

— एक वाचक, पुणे