सही करण्याआधी हक्कांची ओळ वाचा

महोदय,
नोंदणी नाही म्हणजे कॉपीराइट नाही, हा गैरसमज अजून जात नाही. कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारातून नोंदणीची ही अट १९०८ सालीच निघाली. लेख, चित्र किंवा चाल कागदावर वा फाइलमध्ये उतरली की हक्क लागू होतो. नुसत्या कल्पनेला मात्र संरक्षण नाही.

खरा घात करारात होतो. ‘सर्व हक्क, सर्व माध्यमे, कायमस्वरूपी’ एवढ्या एका ओळीवर सही केली की भाषांतर, ऑडिओ, पुढच्या आवृत्त्या सगळेच हातचे जाते. त्याऐवजी माध्यम, भाषा, प्रदेश आणि मुदत लिहून केवळ वापराचा परवाना द्यावा. मानधन आधी ठरवावे, हे वेगळे सांगायला नको. खाडाखोड असलेले खर्डे, तारखेचे ईमेल जपावेत. वादात तोच पुरावा. छायाचित्रकारांनी तर रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ, संस्कार न केलेली फाइल, कुणालाही देऊ नये.

– एक वाचक